माळ्यावरची कपबशी

वरळीच्या बीडीडीत सध्या माळे रिकामे होताहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फुटांत. बाकीच्यांचा नंबर लागेल तसा त्यांचाही माळा उतरेल. पितळी डबे, वाती संपलेला स्टोव्ह, कंदील, आजोबांची गिरणीतली पेटी. काय न्यायचं आणि काय भंगारात द्यायचं, यावरून आई आणि आजीचं जुंपणारच. आम्हाला बोलायचंय ते टवका उडालेल्या, कुठल्याच सेटमधल्या नसलेल्या एका कपबशीबद्दल. तुमच्याकडे ती असेलच असं नाही. पण असली, तर ती कुणासाठी ठेवली होती हे कधी विचारलंयत?

युरोपात असल्या वस्तूंवर चेहराच असायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये काठीची मूठ, राखदाणी, पोस्टकार्ड यांवर ज्यू माणसाचं ठरावीक सोंग काढलेलं असे. आकड्यासारखं नाक, हातात पैशांची थैली. या वस्तू विकत घेणारे गुंड नव्हते. नातवाला मांडीवर घेऊन बसणारे आजोबाही त्यात होते. १९३०च्या दशकात जर्मनीत ‘ज्यूंनो, चालते व्हा’ नावाचा फाशांचा खेळ निघाला. फासे टाकायचे, ज्यूंना गोळा करून वेशीबाहेर पोचवायचं, सहा झाले की जिंकलात. सापशिडीच! लंडनच्या वीनर ग्रंथालयात त्याची एक प्रत आहे. घरात हसतखेळत शिकलेली गोष्ट पुढे रस्त्यावर खरी व्हायला लागली, तेव्हा किती जणांना तिचं नवल वाटलं असेल?

‘आपला काय संबंध’ म्हणू नका. बेने इस्रायली लोक पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आलेत. मस्जिद स्टेशनातली ‘मस्जिद’ म्हणजे त्यांचं १७९६चं सिनेगॉग. तरी २००६ साली खारघरला हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं आणि २००७ साली मुंबईच्याच एका व्यापाऱ्याने ‘नाझी कलेक्शन’ म्हणून चादरी बाजारात आणल्या. ज्यू समाजाने हरकत घेतली तेव्हा हॉटेलवाल्याने नाव बदललं. द्वेष होता असं आम्ही म्हणत नाही. नाव भारी वाटलं, एवढंच असेल. कॉलेजच्या ग्रुपवर हिटलरचे स्टिकर टाकणाऱ्यांनाही एवढंच वाटत असतं.

आपल्या वस्तूंवर मात्र चेहरा नसतो, म्हणून त्या सहज सुटतात. गिरणीतला धोटा घ्या. कांडी भरली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून काढावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडात घालणार नाही, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. म्हणून जास्त पगाराचं विणकाम खातं दलितांना बंद! १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. हातभर लांबीच्याही नसलेल्या एका लाकडी वस्तूने कुणाच्या घरात किती पैसे येणार हे ठरत होतं. गिरणीत पाण्याचे माठही वेगळे. त्याच गिरण्यांतले लोक संध्याकाळी याच चाळींत परतायचे. १९७४च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा दगड मारणारे आणि खाणारे दोघेही बीडीडीचेच होते.

आणि कपबशी? ती गेलेली नाही, फक्त स्टीलची झाली. चाळीतल्या कितीतरी आया-मावश्या सी फेसच्या फ्लॅटांत धुणीभांडी करून आल्यात. ओट्याखाली ठेवलेला ‘बाईचा कप’ त्यांना पाठ आहे. आता त्यांचीच मुलं चाळीस मजली टॉवरमध्ये राहायला जाणार. तिथे लिफ्ट असेल, सोसायटीची मीटिंग असेल, आणि वर्षा-दोन वर्षांत कामाला बाईही येईल. तिला चहा कशातून द्यायचा, हे त्या घरात कोण ठरवणार? तुम्हीच ना?

मग जुनी कपबशी फेकून द्यायची? आम्हाला तसं वाटत नाही. बेल्जियममध्ये १९४२ साली जन्मलेले आणि नाझींपासून वाचलेले आर्थर लँगरमन कित्येक वर्षं ज्यूद्वेषी चित्रं आणि वस्तू स्वतःचे पैसे घालून विकत घेत राहिले. ती सगळी घाण त्यांनी जपली. २०१९ साली तो संग्रह बर्लिनच्या तंत्र विद्यापीठाकडे गेला, अभ्यासासाठी. फेकलं की पुरावाही गेला, आणि ‘आमच्याकडे असं काही नव्हतंच’ म्हणायला सगळे मोकळे.

तेव्हा भंगारवाला जिना चढायच्या आत आजीजवळ बसा. कपबशी दाखवा आणि विचारा, ही कुणाची? आजी कदाचित चिडेल, विषय बदलेल. कदाचित सांगेल की आपण ती दुसऱ्याला देत होतो, किंवा दुसऱ्याच्या घरी आपल्याला तशीच मिळत होती. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत एका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी कपात घाला आणि खोक्यावर ‘काच’ असं लिहून वर न्या.