त्रुटि

भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त निमिषाच्या तीन हजाराव्या अंशास त्रुटि म्हटलें आहे. याहून सूक्ष्म काळाशीं मनुष्यास काय कर्तव्य, असें नाशकास वर्गांत आम्ही बेधडक सांगत असूं. तें विधान आज परत घेणें प्राप्त आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें उटकमंड येथें 'ग्रेप्स-३' या प्रयोगासाठीं सुमारें ४०० यंत्रें आठ-आठ मीटरांवर मांडिलीं आहेत. अंतराळांतील एखादा विश्वकिरण वातावरणावर आदळला म्हणजे असंख्य कणांची सर खालीं येते; कण लागतांच यंत्रांतील प्लास्टिक चमकतें. सर तिरपी असेल तर एका बाजूचीं यंत्रें आधीं चमकतात, दुसरीकडचीं मागाहून. या अंतरावरूनच ती आकाशाच्या कोणत्या भागांतून आली, हें गणितानें निघतें. पण अंतर केवढें? खस्वस्तिकापासून तीस अंश कललेल्या सरीस शेजारच्या दोन यंत्रांमध्यें फार तर १३ नॅनोसेकंद! आचार्यांची त्रुटि सुमारें ३०,००० नॅनोसेकंदांची. तेवढ्यांत प्रकाश जवळजवळ नऊ किलोमीटर जातो. म्हणून यंत्रापासून येणाऱ्या तारेंत होणारा विलंबही वजा करावा लागतो. नाहीं तर दिशाच चुकते.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचील, तर त्यानें आपल्या वहींत तेवढी दुरुस्ती करावी.