पकड कुणाच्या मालकीची?

मंडळी, आज जरा रूक्ष विषय आहे. पण हॉस्पिटलच्या बिलाशी त्याचा संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

दुर्बिणीतून ऑपरेशन आता घरोघरी माहीत झालंय. पोटावर तीन-चार छोटी छिद्रं पाडतात आणि प्रत्येकात एक नळी बसवतात. त्या नळीला कॅन्युला म्हणतात. सलाइनसाठी हाताला लावतात ती वेगळी, ही जाड असते, साधारण पाच ते बारा मिलिमीटरची. कॅमेरा, कात्री, चिमटा सगळं हिच्यातून आत-बाहेर जातं. ऑपरेशन रोबोटच्या मदतीने असेल तर बऱ्याच यंत्रांत ही नळी रोबोटच्या हाताला घट्ट जोडावी लागते. ती जोडायची जी पकड, ती कॅन्युला माउंट. आणि या पकडीवर पेटंट मागितलं जातं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा पकडीचं काय घेऊन बसलात? मी आयुष्यभर टूलरूममध्ये जिग-फिक्स्चर केलेत. एखादी वस्तू हलू न देता धरायची, पटकन लावायची, पटकन सोडवायची, यावरच माझं पोट चाललं. म्हणून असे अर्ज मी आवडीने वाचतो. आणि वाचताना दोन गोष्टी एकदम मनात येतात. काही रचना खरंच हुशारीच्या असतात. आणि काही दावे वाचून वाटतं, अहो, हे तर आमच्याकडचा कुठलाही फिटर जेवणाच्या सुट्टीत करून देईल.

आधी हुशारीचं बोलू, म्हणजे अन्याय नको. रोबोटचा हात कितीही फिरला तरी नळी पोटाच्या भिंतीत जिथून शिरते तो बिंदू जागचा हलता कामा नये, नाहीतर जखम ताणली जाते. म्हणजे पकड ढिली चालत नाही. रोबोटचा हात निर्जंतुक करता येत नाही, म्हणून त्यावर निर्जंतुक प्लास्टिकचं आवरण असतं. नळी निर्जंतुक, हात नाही, आणि मधलं आवरण न फाटता दोघांना घट्ट जोडायचं. वर अचानक रक्तस्राव झाला तर ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने काही सेकंदांत यंत्र सोडवून बाजूला करता आलं पाहिजे. हे तिन्ही एकत्र साधणं सोपं काम नाही. ज्याने साधलं त्याला हक्क मिळालाच पाहिजे.

आता दुसरी बाजू. यंत्र एकदा विकलं जातं, पण त्याला लागणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं विकल्या जातात. प्रिंटर आणि शाईचं गणित आपल्याला ठाऊक आहेच. पकडीचा आकार ज्याच्या मालकीचा, तोच ठरवणार की त्या यंत्राला कुणाची नळी बसेल. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. दावा जर ‘आवरणाला धक्का न लावता अमुक पद्धतीने अडकणारी पकड’ एवढाच असेल तर दुसरा कारखानदार वेगळी पद्धत शोधू शकतो. पण दावा ‘दोन जबडे आणि एक खटका असलेली कुठलीही पकड’ असा मोघम मंजूर झाला, तर भोसरीतल्या किंवा अंबडमधल्या छोट्या कारखान्याला दार बंद. आणि स्पर्धा नसली की किंमत कोण ठरवतो, हे सांगायला नको.

म्हणून सगळा खेळ परीक्षणाचा आहे. पेटंटच्या दाव्यातला एकेक शब्द म्हणजे सातबाऱ्यावरची हद्द. ती कुठे आखायची हे कार्यालयातला परीक्षक तपासतो. शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही, कलम 3(i) तसं सांगतं. उपकरणावर मात्र मिळतं. पण त्यातही कलम 3(f) आहे. आधीपासून माहीत असलेल्या, आपापलं जुनंच काम आपापल्या रीतीने करणाऱ्या वस्तूंची नुसती मांडणी बदलली तर तो शोध धरत नाहीत.

यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे आणि गंमत म्हणजे तोही पकडीबद्दलच आहे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा वाद. लेथवर थाळीसारखी उथळ भांडी घासून चकचकीत करताना ती उडून कामगाराला लागायची. एका फर्मने भांडं धरून ठेवायच्या साधनावर 1951 मध्ये पेटंट घेतलं. प्रकरण वर गेलं आणि 1978 मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही कारागिराच्या रोजच्या कौशल्यातली सुधारणा आहे, शोध नाही. पेटंट रद्द झालं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा तो खटला, आजही वकील त्याचा आधार घेतात. सुधारणा उपयोगी होती, यात वाद नाही. पण उपयोगी असणं वेगळं आणि शोध असणं वेगळं.

माझी स्वतःची कसोटी घरातली आहे. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बघा. एका हाताने दाबला की खटकन बसतो, गळत नाही, कडं उचललं की सुटतो. घट्ट बसणं आणि झटकन सुटणं हा प्रश्न आपण स्वयंपाकघरात कधीच सोडवलाय. मग कॅन्युलाच्या पकडीत त्याहून जास्त काय आहे? निर्जंतुक आवरणाचा प्रश्न सोडवला असेल तर जरूर पेटंट द्या, पण तेवढ्यापुरतंच. नुसता खटका आणि जबडा असेल तर नको.

यावर एक आक्षेप खरा आहे. समोर आलेली रचना बघून ‘हे तर सोपं होतं’ म्हणणं फार सोपं असतं. कोडं सुटल्यावर सगळेच हुशार. म्हणून परीक्षकाने नुसतं ‘उघड आहे’ असं लिहून अर्ज फेटाळणंही चूक आहे. कुठली जुनी रचना, कुठला भाग, आणि त्या क्षेत्रातल्या माणसाने त्या दोन गोष्टी एकत्र का केल्या असत्या, हे लिहायला हवं. अमेरिकेत सर्जिकल रोबोटच्याच एका पेटंटवरून ऑरिस आणि इंट्युटिव्ह या कंपन्यांमध्ये वाद झाला. 2022 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की रोबोटिक सर्जरीबद्दलच सर्जन साशंक होते, एवढ्या मोघम कारणावर ‘दोन जुन्या रचना कुणी जोडल्या नसत्या’ असं ठरवता येणार नाही. प्रकरण पुन्हा तपासायला परत पाठवलं. मुद्दा तोच, मोघमपणा दोन्हीकडून नको.

आता आपण काय करू शकतो? अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट मिळण्याआधी कुणीही व्यक्ती कलम 25(1) खाली लेखी हरकत घेऊ शकते. कंपनी असायला हवी असं नाही. प्रसिद्धीनंतर सहा महिने उलटल्याशिवाय पेटंट देताच येत नाही. अर्ज ऑनलाइन वाचता येतात, आणि महाराष्ट्रातल्या अर्जदारांचं कार्यालय आपल्याच मुंबईत, अँटॉप हिलला आहे. परीक्षकाला जगभरची पेटंटं शोधता येतात, पण एखाद्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं वापरात असलेली पकड त्याला कॉम्प्युटरवर दिसणार नाही. ती आपण दाखवायची. जुना कॅटलॉग, तारीख असलेलं ड्रॉइंग, बिल, काहीही.

पण 2024 च्या नियमांनी या हरकतीला फी लावली आणि ती ऐकायची की नाही हे आधी ठरवायचा अधिकार नियंत्रकाला दिला. कारण सांगितलं जातं की खोट्या हरकतींनी अर्ज अडकतात. अडकत असतील, नाही म्हणत नाही. पण खोट्या हरकतीला दंड करा, खऱ्याच्या दाराशी तिकीट कशाला? निदान रुग्ण संघटना, सरकारी हॉस्पिटलचे डॉक्टर आणि छोटे कारखानदार यांना वैद्यकीय उपकरणांच्या अर्जांवर ही फी माफ असावी, एवढी माझी मागणी आहे.

आणि आपल्या टूलरूमवाल्या मित्रांना एक विनंती. तुम्ही केलेल्या फिक्स्चरचं ड्रॉइंग तारीख घालून जपून ठेवा. त्यात काही खरंच नवं असेल तर कुणाला दाखवायच्या आधी अर्ज करा. आणि नवं नसेल, तर उद्या दुसरा कुणी त्यावर हक्क सांगायला आला की तेच ड्रॉइंग घेऊन उभे राहा. दोन्ही वेळेला कागद लागतो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कुठे चुकलं ते सांगा, मी ऐकायला तयार आहे.