‘मुलीच आवडतात, तर मुलगाच राहायचं ना!’

कॅन्टीनमधला किस्सा आहे. आमच्या ग्रुपवर कुणीतरी एका ट्रान्स मुलीचं रील टाकलं. जन्माच्या वेळी ‘मुलगा’ अशी नोंद झालेली, आता मुलगी म्हणून जगणारी. सगळ्यांनी धडाधड हार्ट दिले. ‘भारी’, ‘रिस्पेक्ट’ वगैरे. मग एकाने तिचं पुढचं रील उघडलं. त्यात तिची गर्लफ्रेंड होती. टेबलावर जरा शांतता पसरली आणि प्रश्न आलाच, ‘‘मुलीच आवडतात, तर मुलगाच राहायचं ना! एवढा खटाटोप कशाला?’’

हसू नका. हा प्रश्न तुमच्याही डोक्यात येऊन गेला असेल. माझ्या आला होता, आणि मी तर मास कॉमवाली. आम्हाला जेंडरवर आख्खा पेपर असतो!

उत्तर तसं सोपं आहे. ‘मी कोण आहे’ आणि ‘मला कोण आवडतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिली लिंगओळख, दुसरा लैंगिक कल. आपल्यापैकी बहुतेकांना दोन्हींची उत्तरं न विचारताच मिळालेली असतात, म्हणून ते एकच वाटतात. अमेरिकेत 2015 मध्ये ट्रान्स व्यक्तींचं एक मोठं सर्वेक्षण झालं, जवळपास 28 हजार जणांचं. त्यात स्वतःला ‘स्ट्रेट’ म्हणवणारे फक्त 15 टक्के होते. बाकीचे गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, क्विअर, असेक्शुअल असं काही ना काही. सर्वेक्षण ऑनलाइन होतं, तिकडचं होतं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण ‘अशी एखादीच केस असते’ हा समज मोडायला तो पुरेसा आहे.

कॅन्टीनमधला प्रश्न एकेकाळी डॉक्टरही विचारायचे. लू सुलिव्हन हा अमेरिकन ट्रान्स पुरुष. जन्म 1951 चा, आणि त्याला पुरुषच आवडायचे. स्टॅनफर्डच्या क्लिनिकने त्याला शस्त्रक्रियेसाठी नाकारलं. तिथल्या चौकटीत ‘खरा’ ट्रान्स पुरुष म्हणजे बायकांवर प्रेम करणारा. लू गप्प बसला नाही. तो तज्ज्ञांशी भांडत राहिला, पत्रं लिहीत राहिला, आणि पुढे दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच्यासारख्यांसाठी त्याने संघटनाही उभी केली. 1991 मध्ये एड्सने तो गेला तेव्हा तो 39 वर्षांचा होता.

आता आपल्याकडे या. तारखा बघा, गंमत कळेल. (गंमत कसली म्हणा.) डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 कायम ठेवलं. चारच महिन्यांनी, एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात, त्याच न्यायालयाने सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला. म्हणजे पुढची चार वर्षं ट्रान्स बाईला ‘तू बाई आहेस’ असं न्यायालय म्हणत होतं, पण तिचं प्रेम बाईवर असेल तर 377 ची टांगती तलवार डोक्यावर होतीच. ती सप्टेंबर 2018 मध्ये हटली.

मग लग्न. तमिळनाडूत तुतीकोरिनच्या देवळात एका पुरुषाचं आणि ट्रान्स स्त्रीचं लग्न लागलं. निबंधकाने नोंदणी नाकारली. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला : हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’ या शब्दात ट्रान्स स्त्रीही येते. छानच निकाल आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी हेच मान्य केलं. भिन्नलिंगी नात्यातल्या ट्रान्स व्यक्तीला सध्याच्या कायद्यांनुसार लग्न करता येतं. आणि त्याच निकालात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा मूलभूत हक्क नाही, असंही पाचही जणांनी म्हटलं.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. रीलमधली ती मुलगी कुठे बसते? तिने मुलाशी लग्न केलं तर ती वधू. मुलीवर प्रेम केलं तर लग्नाचा रस्ता बंद.

याहून विचित्र भाग कागदांचा. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र घेण्याची सोय केली, शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद करून घेण्याचीही. लग्नाबद्दल मात्र त्या कायद्यात अवाक्षर नाही. आता समजा, त्या मुलीने कागद बदललेच नाहीत. तिच्या आधारवर ‘पुरुष’, गर्लफ्रेंडच्या आधारवर ‘स्त्री’. विवाह नोंदणी कार्यालयाला कागदावर सरळ नवरा-नवरी दिसतील. आणि तिने धडपड करून ‘स्त्री’ अशी नोंद मिळवली की त्याच दोघींना त्याच कार्यालयातून परत यावं लागेल. आपलं खरं नाव-गाव कागदावर आणण्याची ही किंमत. माझ्या मते 2023 च्या निकालातली सगळ्यात कमी चर्चा झालेली गोष्ट हीच आहे.

घराघरांतही हाच हिशोब चालतो. पोरगा मुलगी म्हणून जगायला लागला की आधी रडारड, अबोला. मग एखादी मावशी मध्यस्थी करते : ‘‘जाऊ दे गं ताई, मुलगी तर मुलगी. चांगला मुलगा बघून लग्न लावून देऊ.’’ मावशी मनाने चांगलीच आहे. फक्त तिने एक चौकट सोडून पोरीला दुसऱ्या चौकटीत बसवलंय, आणि पोर तिथेही मावत नाही. प्राइडमध्ये आपण ‘प्रत्येकाचा स्वीकार’ असे फलक धरतो, तेव्हा तिचंही पूर्ण नातं त्यात धरलेलं असतं का, हे आपल्यालाच विचारायला हवं. ‘हार्ट’ देताना आम्ही नव्हतं धरलेलं.

2023 च्या निकालाविरुद्धच्या फेरविचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 2024 मध्ये काही गोष्टी स्पष्ट केल्या. जोडीदारासोबत बँकेत जॉइंट खातं उघडायला, त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एकच घर मानावं, असं राज्यांना कळवलं. म्हणजे त्या दोघी आज एका रेशनकार्डावर येऊ शकतात. अर्ज भरताना ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ या रकान्यात काय लिहायचं, ते मात्र त्यांनाच शोधायचंय.