रमण्यातली दक्षिणा आणि फुटबॉलची लोकशाही

फुटबॉलच्या जागतिक महासंघाने, म्हणजेच फिफाने, २६ फेब्रुवारी २०१६ रोजी झुरिक येथे आपली घटना बदलली, तेव्हा खेळाचा कारभार आता धुतल्या तांदळासारखा होणार, अशी ग्वाही जगाला देण्यात आली होती. त्याला पार्श्वभूमीही तशीच होती. नऊच महिन्यांपूर्वी त्याच शहरातील एका आलिशान हॉटेलात पहाटे पोलिसांनी धाड घालून महासंघाच्या पदाधिकाऱ्यांना अटक केली होती, आणि १५ कोटी डॉलरच्या लाचखोरीचा आरोप अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी ठेवला होता. नव्या सुधारणा कागदावर वाईट नव्हत्या. अध्यक्षास १२ वर्षांहून अधिक काळ खुर्चीवर बसता येणार नाही; जुनी कार्यकारी समिती जाऊन ३७ जणांची परिषद येईल व तीत प्रत्येक खंडीय संघटनेतून निदान एक स्त्री असेल; नीतिसमिती आणि हिशेबतपासणी स्वतंत्र राहील.

पुढे काय झाले? शाई वाळते न वाळते तोच, मे २०१६ मध्ये, या 'स्वतंत्र' समित्यांचे सदस्य नेमण्याचा व काढण्याचा अधिकार वर्षभरासाठी परिषदेनेच स्वतःकडे घेतला. हिशेबतपासणी समितीचे प्रमुख डोमेनिको स्काला निषेधाचा राजीनामा देऊन बाहेर पडले. मे २०१७ मध्ये मनामा येथील अधिवेशनात नीतिसमितीचे बोर्बेली आणि एकर्ट या दोघांना घरी पाठवण्यात आले. शेकडो प्रकरणे हाताशी असताना आपल्याला दूर केले, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. रशियाचे उपपंतप्रधान मुत्को यांना परिषदेची उमेदवारी नाकारण्याचा करारीपणा ज्या मिगेल मादुरो यांनी दाखवला, त्यांचीही त्याच वेळी गच्छंती झाली. मग डिसेंबर २०२२ मध्ये परिषदेने हिशेब मांडला की, अध्यक्ष जियानी इन्फॅन्टिनो यांचे पहिले ३९ महिने हा पूर्ण कार्यकाळ नव्हेच. त्यामुळे बारा वर्षांची मर्यादा २०३१ पर्यंत लांबली. ११ डिसेंबर २०२४ रोजी तर २०३४ ची विश्वचषक स्पर्धा सौदी अरेबियाला, दुसरा उमेदवारच नसताना, पडद्यावरून टाळ्या वाजवून बहाल करण्यात आली. आपल्याकडील साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा आणि तिच्यातला 'मंजूर, मंजूर'चा गजर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

या अधःपाताचे युरोपातील सभ्य वर्तुळात एक सोपे निदान केले जाते : एक देश एक मत हेच दुखण्याचे मूळ! चिमुकल्या बेटांना आणि गरीब आफ्रिकी देशांना जर्मनीइतकेच मत कशाला, असा हा सूर आहे. तो आम्हांला साफ अमान्य आहे. १९६१ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर घातलेली स्थगिती १९६३ साली उठवण्यात पुढाकार कोणाचा? इंग्लंडच्या सर स्टॅन्ली राऊस यांचा. आफ्रिकेला हक्काची एक जागाही न दिल्यामुळे १९६६ च्या विश्वचषकावर त्या खंडाने बहिष्कार टाकला, तोही याच सभ्य गृहस्थांच्या राजवटीत. १९७४ साली फ्रँकफुर्टला ब्राझीलच्या हॅवेलांज यांनी राऊस यांचा ६८ विरुद्ध ५२ मतांनी पराभव केला, तो तिसऱ्या जगाच्या मतांवर. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेची हकालपट्टी झाली. तो न्याय्य विजय होता, आणि आजही आम्ही त्याला तसाच मानतो.

परंतु या विजयाच्या पालखीला खांदा द्यायला अदिदास आणि कोका-कोला पुढे सरसावले. मते गरीब देशांची, थैली भांडवलदारांची आणि दोहोंमध्ये अध्यक्ष, ही व्यवस्था तेव्हा रुजली. खुद्द हॅवेलांज यांनी प्रक्षेपणहक्कांचा व्यापार करणाऱ्या कंपनीकडून लाच घेतल्याचे २०१२ मध्ये स्विस कागदपत्रांतून उघड झाले. आज लाचेची तितकी गरजही उरलेली नाही. २०२३ ते २०२६ या चार वर्षांसाठी २११ सदस्य संघटनांपैकी प्रत्येकीस ८० लाख डॉलरपर्यंत विकासनिधी अधिकृतपणेच ठेवला आहे. वाटणारा हात निवडणुकीतल्या उमेदवाराचा, घेणारा मतदाराचा. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणेला जमलेल्या ब्रह्मवृंदाने पेशव्यांच्या जमाखर्चाची चौकशी केल्याचे कोणी ऐकले आहे काय? हा निधी गरीब देशांच्या हक्काचा आहे, आणि म्हणूनच तो अध्यक्षाच्या हातून मिळता कामा नये. जाहीर सूत्रानुसार, निवडणुकीशी संबंध नसलेल्या विश्वस्तांनी तो वाटावा, ही आमची पहिली मागणी आहे. ती मान्य झाल्यावाचून कार्यकाळाची मर्यादा, सचोटीची चाचणी वगैरे सारे घटनेच्या पानांतच राहील.

दुसरी बाब मताधिकाराची. २ डिसेंबर २०१० रोजी २२ पुरुषांनी बंद दाराआड २०२२ ची स्पर्धा कतारला दिली. तिथली मैदाने ज्यांनी उभारली, ते नेपाळ, बांगलादेश आणि भारतातून गेलेले मजूर 'कफाला'च्या जोखडाखाली होते. मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना नोकरी सोडता येत नव्हती. त्यांच्यातील मृतांचा सर्वमान्य आकडा आजही नाही. बक्षिसांच्या रकमेइतकी, म्हणजे ४४ कोटी डॉलरची भरपाई या कामगारांसाठी ठेवा, अशी मागणी मानवी हक्क संघटनांनी २०२२ मध्ये केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये फिफाने ५ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला खरा, पण तो आंतरराष्ट्रीय संस्थांच्या उपक्रमांसाठी. मजुरांच्या कुटुंबांना त्यातून भरपाई नाही. २०३४ साठी सौदी अरेबियात जाणाऱ्या मजुरांत आपले लोक असतीलच. यजमान देश ठरण्याआधी बांधकाम कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची संमती बंधनकारक का नसावी?

आणि खेळाडू? त्यांच्या मताविषयी फिफाला काय वाटते, हे पाहायला झुरिकला जाण्याचे कारण नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, तरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूर करेपर्यंत ते पदावर होते, आणि फिफाच्या परिषदेतही. या दीड वर्षात फिफाला भारतीय फुटबॉलमध्ये बंदी घालण्याजोगे काही आढळले नाही. न्यायालयाने प्रशासक समिती नेमली, मतदारसंघात राज्य संघटनांच्या बरोबरीने ३६ नामवंत खेळाडूंना स्थान दिले, तेव्हा मात्र ऑगस्टमध्ये 'त्रयस्थ हस्तक्षेपा'च्या नावाखाली भारतावर स्थगितीची कुऱ्हाड कोसळली. नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरला ऑक्टोबरमध्ये व्हायची सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा ओलीस धरली गेली. न्यायालयाला माघार घ्यावी लागली. समिती बरखास्त झाली, खेळाडू मतदारयादीतून वगळले गेले आणि २६ ऑगस्टला स्थगिती उठली. २ सप्टेंबरला केवळ राज्य संघटनांच्या मतांवर निवडणूक झाली. माजी गोलरक्षक आणि भाजपचे नेते कल्याण चौबे यांना ३३ मते पडली. भारताचे माजी कर्णधार बायचुंग भुतिया यांना एक.