काडी विझते, सूर्य उगवतो

हिंदी चित्रपटातला धावणारा मुलगा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. पाव चोरून तो पळत सुटतो, कॅमेरा त्याच्या पायांवर येतो, आणि पाहता पाहता त्या पायांत नायकाचे बूट आलेले असतात. पंधरा वर्षे एका क्षणात सरली! आपण हसतो, मला मात्र या युक्तीची चेष्टा करावीशी वाटत नाही. दोन दृश्यांतील साम्य धरून मधले अंतर ओलांडणे यालाच ‘मॅच कट’ म्हणतात, आणि ते पाय हे काम चोख करतात. माझी तक्रार एवढीच की, मुलगा मोठा झाला यापलीकडे ते काही सांगत नाहीत.

याउलट डेव्हिड लीन यांचा १९६२ सालचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ पाहा. कैरोतल्या एका कचेरीत लॉरेन्स जळती काडी न्याहाळतो, फुंकर मारतो, आणि पडद्यावर एकदम वाळवंटाचे क्षितिज येते. सूर्य अजून वर यायचा आहे. आकार पाहू गेले तर काडीत आणि क्षितिजात साम्य ते काय? पण आधीच्या एका प्रसंगात हाच लॉरेन्स जळती काडी चिमटीत विझवतो. चटका बसतो, त्याची पर्वा करायची नाही, ही त्याची ऐट. म्हणून फुंकरीच्या वेळी काडी नुसती काडी राहिलेली नसते. पुढे वाळवंट त्या माणसाचे काय करणार, याची धास्ती तिच्यात आलेली असते.

गंमत अशी की, येथे मुळात डिझॉल्व्ह योजला होता. म्हणजे एक दृश्य विरत विरत दुसरे उमटायचे. तो परिणाम अजून साधायचा होता, तोवर संकलक ॲन कोट्स यांनी फिल्मचे दोन तुकडे नुसते जोडून दाखवले. तो उघडा सांधाच सर्वांना भावला. लीन यांनी तो आणखी अचूक करायला सांगितले, तेव्हा कोट्सबाईंनी दोन चौकटी कापल्या. दोन चौकटी म्हणजे सेकंदाचा बारावा भाग! (म्हणून डिझॉल्व्ह कनिष्ठ, असे कोणी समजू नये. हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’त मोरीत शिरणारे पाणी विरून मेलेल्या स्त्रीचा डोळा उमटतो. तेथे सरळ कट धसमुसळा ठरला असता.)

कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’त (१९६८) आकाशात भिरकावलेल्या हाडाच्या जागी अंतराळयान येते. लांबट आकार जुळतो, हे खरेच. पण त्याच हाडाने नुकताच एक जीव घेतलेला आहे. हे विसरले, तर ती लाखो वर्षांची उडी त्या धावणाऱ्या पायांच्याच जातीची.

आता आपले मित्रही मोबाइलवर लघुपट करतात, आणि असल्या जोडण्या बोटाच्या एका स्पर्शाने साधतात. अशाच एका लघुपटात तव्यावरच्या भाकरीचा पौर्णिमेचा चंद्र झाला. जोड बिनचूक होती, टाळ्याही पडल्या. भाकरी भाजणारी आई मात्र पुन्हा दिसलीच नाही. तिने ती कोणासाठी भाजली, असे मी दिग्दर्शकाला विचारले. तो म्हणाला, भाकरी खानावळीतून आणली होती. घरची हवी तशी गोल होत नव्हती.