‘हायेस्ट पॅकेज ४० लाख’: कॉलेज निवडताना हा आकडा किती कामाचा?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की इंजिनीअरिंग कॉलेजांच्या जाहिराती सगळीकडे दिसू लागतात. चौकातल्या होर्डिंगवर आणि इन्स्टाग्रामच्या रीलवर आकडे साधारण सारखेच असतात: हायेस्ट पॅकेज इतके लाख, प्लेसमेंट ९५ टक्के. याच आकड्यांवर अनेक घरांत कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरला जातो.

पण चार वर्षांनी नोकरीसाठी अर्ज करताना रेझ्युमेवर कॉलेजचं हायेस्ट पॅकेज लिहायला जागा नसते. तिथे त्या विद्यार्थ्याने काय केलं, एवढंच लिहायचं असतं. म्हणून कॉलेज निवडतानाचा खरा प्रश्न असा: या कॉलेजमध्ये राहून रेझ्युमेवर लिहिण्यासारखं काय करता येईल?

पॅकेजचा आकडा कसा वाचायचा?

समजा, एका वर्गातल्या १० जणांना नोकरी लागली. एकाला ४० लाखांचं पॅकेज मिळालं, उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी ४ लाखांचं. जाहिरातीत ‘हायेस्ट’ ४० लाख असेल. ‘ॲव्हरेज’ ७ लाख ६० हजार असेल. पण सगळे पगार चढत्या क्रमाने लावून मधला आकडा पाहिला, तर तो ४ लाखच येतो. याला मीडियन म्हणतात. सामान्य विद्यार्थ्याला काय मिळू शकतं, हे यावरून कळतं.

‘९५ टक्के प्लेसमेंट’ हा आकडाही असाच तपासावा लागतो. हे ९५ टक्के नेमके कशाचे? पास झालेल्या सगळ्या विद्यार्थ्यांचे, की प्लेसमेंटसाठी पात्र ठरलेल्यांचेच? एका विद्यार्थ्याला तीन ऑफर आल्या, तर त्या एक मोजल्या की तीन? कॉलेजला हे थेट विचारायला हरकत नाही.

पॅकेज म्हणजे हातात येणारा पगारही नव्हे. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिना ३० हजार, आणि त्यातून पीएफसारख्या कपाती होतात. दुसरीकडे १० लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचं, तर महिन्याचा हप्ता साधारण १३,२०० रुपये बसतो. कॉलेजच्या काळात साठलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. त्यामुळे कर्ज काढणाऱ्या घराने हिशेब मीडियन पगारावर करावा.

खरी माहिती कुठे मिळते?

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती द्यावी लागते. किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे त्यात वर्षवार असतं. ही फाइल बहुतेकदा कॉलेजच्या वेबसाइटवर सापडते. जाहिरात आणि ही फाइल शेजारी ठेवून पाहिली की बरंच काही स्पष्ट होतं.

मात्र निव्वळ क्रमांकावर भिस्त ठेवणं योग्य नाही. इंजिनीअरिंगच्या क्रमवारीत ‘ग्रॅज्युएशन आउटकम’ या निकषाला २० टक्के वजन आहे, आणि नोकरी व पगार हा त्याचाच एक भाग आहे. संशोधनाला ३० टक्के वजन आहे. म्हणजे क्रमांक वरचा असला तरी नोकऱ्या जास्तच असतील, असं नाही.

नॅक आणि एनबीए यांतही फरक आहे. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. एनबीएची मान्यता ठरावीक अभ्यासक्रमाला असते. त्यामुळे आपल्याला हव्या असलेल्या ब्रँचला ती आहे का आणि कधीपर्यंत आहे, हे पाहावं.

फीच्या बाबतीत राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा बघावा. एक मुद्दा मुलींसाठी फार महत्त्वाचा आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. पण ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. ‘चांगली ब्रँच’ म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, तर ही सवलत हातची जाते.

मग कॉलेजला काय विचारायचं?

शेवटच्या वर्षी कंपनीत जाऊन इंटर्नशिप करता येते का? लॅब फक्त प्रॅक्टिकलच्या तासाला उघडते की नंतरही वापरता येते? मुलं प्रोजेक्ट स्वतः करतात की बाजारातून तयार विकत आणतात? याची उत्तरं माहितीपत्रकात नसतात. ती सीनिअर विद्यार्थ्यांकडून मिळतात. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव शोधलं, तर दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच ब्रँचमधून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे काम करतात, हेही दिसतं.

रेझ्युमेची तयारी कधीपासून?

पहिल्या वर्षापासून. कॅम्पसला येणाऱ्या अनेक मोठ्या आयटी कंपन्या आधी गाळणी लावतात: दहावी, बारावी आणि पदवीला किमान ६० टक्के, आणि एकही बॅकलॉग नको. ही अट तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

गाळणी पार झाल्यावर कामाचा पुरावा लागतो. ‘शेतीवर प्रोजेक्ट केला’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘ठिबक सिंचनासाठी मातीतला ओलावा मोजणारं सेन्सर युनिट चौघांनी बनवलं, प्रोग्रॅमिंग माझ्याकडे होतं, दोन एकरांवर महिनाभर चाचणी घेतली’ या ओळीवर मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न विचारू शकतो.

अजूनही अनेक जण रेझ्युमे म्हणून बायोडेटाच पाठवतात. त्यात वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र असतं. खासगी नोकरीच्या अर्जात याची गरज नसते. फ्रेशरसाठी एक पान पुरेसं आहे: शिक्षण, कौशल्यं, प्रोजेक्ट, इंटर्नशिप आणि कामाची लिंक. अनेक कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. रंगीत चौकटी, दोन रकाने आणि आलेख असलेलं डिझाइन त्याला नीट वाचता येईलच असं नाही. साधी मांडणी आणि जाहिरातीतल्या कामाशी जुळणारे शब्द जास्त उपयोगी पडतात. पण न येणारं कौशल्य लिहू नये, कारण मुलाखतीत ते दोन प्रश्नांत उघडं पडतं.

हवं ते कॉलेज मिळालं नाही तर?

बहुतेकांच्या बाबतीत हेच होतं. अशा वेळी कॉलेजने न दिलेल्या संधी बाहेर शोधाव्या लागतात. एनपीटीईएलचे कोर्स मोफत शिकता येतात; परीक्षा आणि प्रमाणपत्रासाठीच फी लागते. एआयसीटीईच्या पोर्टलवर इंटर्नशिप शोधता येते. टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षा कॅम्पसला कंपनी येत नसली तरी देता येतात.

अर्थात, यामुळे सगळ्यांची सुरुवात एकाच रेषेवरून होत नाही. ज्या कॉलेजच्या दारात कंपन्या येतात, तिथल्या विद्यार्थ्याचं काम सोपं असतं. तालुक्याच्या कॉलेजमधल्या मुलीला तीच मुलाखत मिळवायला जास्त अर्ज करावे लागतात. म्हणून तर ऑप्शन फॉर्म भरण्याआधीचे दोन-चार दिवस मोलाचे आहेत. २०२५-२६ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की तीच जागा घ्यावी लागत होती; दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतीक्रमांना होता. यंदाचे नियम सीईटी सेलच्या वेबसाइटवर तपासावेत आणि होर्डिंगवरचा आकडा पाहून कोणतंही कॉलेज यादीत वर टाकू नये.