लहरी कलावंत आणि खुर्चीतला माणूस

२०२५ च्या जुलैमध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर एक ओळखीचे दृश्य दिसले नाही. कोर्टाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून, ओणवे होऊन रेषेवर डोळा ठेवणारे रेषापंच त्या वर्षी नव्हते. चेंडू आत की बाहेर हे आता कॅमेरे ठरवतात आणि 'आउट'चा पुकारा ध्वनिमुद्रित आवाजात होतो. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा : आता मॅकेन्रो असता तर तो भांडला कोणाशी असता?

प्रश्न थट्टेचा वाटेल, परंतु तो तसा नाही. टेनिसच्या इतिहासात एक पंगत जेत्यांची आहे आणि दुसरी लहरी कलावंतांची. इली नास्तासे, जॉन मॅकेन्रो, गोरान इव्हानिसेविच, मरात साफिन, गेल मॉन्फिस, निक किरियॉस ही त्या दुसऱ्या पंगतीतली नावे. मॅकेन्रो दोन्ही पंगतींत बसला. बाकीच्यांना जेत्यांच्या पंगतीत फार तर कोपऱ्यातला पाट मिळाला. असे असूनही यांच्या सामन्याला गर्दी लोटते. का लोटते, आणि त्या गर्दीत आपण काय करत असतो, हे जरा तपासून पाहावे म्हणतो.

आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला हिशेबाच्या भाषेत विचार करण्याची खोड आहे. फेडरर २०, नदाल २२, जोकोविच २४ : २०२५ अखेर या तिघांची एकेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदे ६६ होतात. किरियॉसच्या नावावर एकेरीत शून्य. हे तिघे म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेव. पैसे सुरक्षित, व्याज ठरलेले. किरियॉस हे लॉटरीचे तिकीट. परंतु मुदत ठेवीची पावती कोणी रात्री उशाशी घेऊन झोपत नाही; लॉटरीचे तिकीट मात्र घडी घालून पाकिटात जपले जाते. २०१४ मध्ये विम्बल्डनवर जगात १४४व्या क्रमांकावर असलेल्या एकोणीस वर्षांच्या या पोराने अव्वल क्रमांकाच्या नदालला हरवले आणि त्या सामन्यात एक चेंडू चक्क स्वतःच्या दोन पायांमधून मारून गुण घेतला. असा फटका ज्याने एकदा पाहिला, तो पुढची दहा वर्षे त्या तिकिटाचे पैसे भरत राहतो.

याचे कारण टेनिसच्या स्वभावात आहे. हा एकट्याचा खेळ. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की तंबूत जाऊन तोंड लपवू शकतो. टेनिसमध्ये चूक केलेल्या माणसाला पंचवीस सेकंदांत पुन्हा तिथेच उभे राहावे लागते आणि तेही हजारो माणसांच्या शांततेत. बहुतेक खेळाडू आपले मन झाकून ठेवायला शिकतात. लहरी खेळाडू ते झाकत नाही. इव्हानिसेविचने २००१ मध्ये सांगितले होते की आपल्यात तीन गोरान आहेत : एक चांगला, एक वाईट आणि तिसरा या दोघांना ताळ्यावर आणण्यासाठी ऐन वेळी बोलावला जाणारा. हे वाचून हसू आले, पण मी स्वतःशीच म्हटले, इथे तीनवर कोणाचे भागते? आपले तिन्ही आपण घरात कोंडून कामावर जातो, एवढाच काय तो फरक.

माझा स्वतःचा देव मॅकेन्रो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर विम्बल्डनचे अंतिम सामने दिसू लागले, तेव्हा मी बँकेत नुकताच लागलो होतो. वरिष्ठांनी काहीही म्हटले तरी 'हो साहेब' म्हणण्याचे ते दिवस. आणि पडद्यावर हा कुरळ्या केसांचा आयरिश वंशाचा अमेरिकन, हात कमरेवर ठेवून, साऱ्या ब्रिटिश शिष्टाचाराच्या नाकावर टिच्चून पंचाला विचारत होता की तुम्ही हे गांभीर्याने बोलता आहात का! १९८१ मध्ये पहिल्या फेरीत उच्चारलेले ते वाक्य पुढे त्याच्या आत्मचरित्राचे शीर्षक झाले. त्याच वर्षी त्याने बोर्गला हरवून विम्बल्डन जिंकले. मला वाटायचे, हा माझ्या वतीने बोलतो आहे. १९९० मध्ये मेलबर्नला त्याला सामन्यातून बाद केले गेले. शिक्षेच्या पायऱ्या चारांवरून तीनवर आणणारा नियम नुकताच लागू झाला होता आणि ते त्याच्या ध्यानातच नव्हते. नवे सर्क्युलर न वाचल्याने गोत्यात आलेला माणूस म्हणून तेव्हाही मला तो आपला वाटला.

हे प्रेम खरे होते. त्याच्या खात्याची दुसरी बाजू मात्र मी फार उशिरा उघडली.

१९७९ च्या अमेरिकन ओपनमध्ये, न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोजवर, दुसऱ्या फेरीत नास्तासे आणि मॅकेन्रो समोरासमोर आले. रात्रीचा सामना, चढलेले प्रेक्षक. नास्तासे त्या वेळी तेहतीस वर्षांचा, उतरणीला लागलेला. त्याने वेळकाढूपणा, टोमणे, नकला यांचा आपला नेहमीचा पेटारा उघडला. पंचाच्या खुर्चीत फ्रँक हॅमंड होते. त्यांनी ताकीद दिली, गुण कापला, गेम कापला आणि शेवटी नियमाप्रमाणे नास्तासेला बाद घोषित केले. तेव्हा प्रेक्षक खवळले. कोर्टावर कागदी पेले आणि बिअरचे डबे येऊन पडू लागले, पोलीस आले. मग स्पर्धेच्या रेफरींनी काय केले? नास्तासेला पुन्हा खेळायला लावले आणि हॅमंडना खुर्चीतून उतरवून स्वतः तिथे बसले. सामना मॅकेन्रोने चार सेटमध्ये जिंकला. त्या रात्री दोघे खेळाडू एकत्र जेवायला गेले, असे मॅकेन्रोने पुढे सांगितले आहे.

ज्याने नियम मोडला तो कोर्टावर राहिला आणि ज्याने तो पाळला तो उतरला. हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा मला न्यूयॉर्क आठवले नाही. आठवली ती आमची एका तालुक्याच्या गावातली शाखा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तिथे शाखाधिकारी होतो. बाजाराचा दिवस, काउंटरसमोर रांग. गावातले एक बडे व्यापारी, ज्यांच्या मुदत ठेवींवर आमच्या शाखेचे वार्षिक उद्दिष्ट उभे असायचे, ते धनादेश घेऊन आले. काउंटरवरच्या कारकुनाने नमुना सही काढून पाहिली. सही जुळत नव्हती. त्याने तसे सांगितले. मग शेटजींनी जो प्रयोग लावला तो आजही डोळ्यांसमोर आहे. माणूस बोलायला विलक्षण. त्या कारकुनाच्या चष्म्यावरून, पगारावरून, बोलण्यावरून एकेक फटका असा की रांगेतली माणसे टोकन खिशात टाकून हसू लागली. कोणी तरी 'वा शेट!' म्हणाले. खरे सांगायचे तर केबिनच्या काचेआडून मीही हसलो.

नंतर मी बाहेर आलो, शेटजींना आत नेले, चहा मागवला आणि धनादेश माझ्या अधिकारात मंजूर केला. दुसऱ्या दिवसापासून कारकुनाला काउंटरवरून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवले. 'उगाच गिऱ्हाईक दुखवायला नको' हे माझे शब्द. तो एवढेच म्हणाला, 'साहेब, सही जुळत नव्हती.' पुढे माझी बदली झाली. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

फ्लशिंग मेडोजवर त्या रात्री जे घडले ते हेच. करमणूक करणारा मोठा ठेवीदार होता. गर्दी त्याच्या बाजूची होती. खुर्चीतल्या माणसाला उठवणे सर्वांत स्वस्त पडत होते.

लहरी खेळाडूच्या आकर्षणाची ही दुसरी बाजू आहे. आपण म्हणतो, तो व्यवस्थेविरुद्ध बंड करतो. पण व्यवस्था म्हणजे कोण? बक्षिसाची रक्कम ठरवणारे, प्रक्षेपणाचे हक्क विकणारे, रात्री उशिरापर्यंत सामने लांबवणारे कोर्टावर नसतात. तिथे असतो तो खुर्चीतला पंच, रेषेवरचा माणूस, चेंडू उचलणारी मुले आणि समोरचा खेळाडू. बंडाचे घाव त्यांच्यावर पडतात.

१९७५ मध्ये स्टॉकहोमला मास्टर्स स्पर्धेत नास्तासेने आर्थर अॅशला इतके छळले की तो अत्यंत संयमी माणूस, सामना हाताशी आलेला असताना, रॅकेट गोळा करून कोर्टाबाहेर निघून गेला. पुढे विजय अॅशला देण्यात आला. नास्तासेने फुले पाठवून माफी मागितली आणि ती स्पर्धाही अखेर त्यानेच जिंकली. २०२२ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात किरियॉसने प्रेक्षकांतल्या एका स्त्रीकडे बोट दाखवून ती प्यायलेली आहे अशी पंचाकडे तक्रार केली. साऱ्या जगाने ते पाहिले आणि पुष्कळजण हसले. तिला काही वेळ बाहेर काढण्यात आले. तिने कायद्याचा मार्ग धरला, तेव्हा किरियॉसने माफी मागितली आणि तिने निवडलेल्या धर्मादाय संस्थेला २० हजार पौंड दिले. विनोद फुकट मिळाला असे आपल्याला वाटते. वास्तविक तो कर्जाऊ असतो आणि हप्ता दुसराच कोणी तरी भरतो.

सत्तर वर्षांच्या नास्तासेची हकीकत तर सर्वांत बोलकी. २०१७ मध्ये तो रुमानियाच्या महिला संघाचा कप्तान होता. त्याने सेरेना विल्यम्सच्या होणाऱ्या बाळाविषयी अभद्र उद्गार काढले, ब्रिटिश संघातील स्त्रियांना शिवीगाळ केली. योहाना कोंटा कोर्टावर रडली, सामना थांबवावा लागला. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच्यावर बंदी घातली. पूर्वीचे त्याचे चाहतेही तेव्हा म्हणाले, म्हातारा बिघडला. माझ्या मते तो बिघडला नव्हता. त्याच्या मनगटातली जादू गेली होती आणि जादूखाली इतकी वर्षे झाकलेले होते ते उघडे पडले होते.

मग काय, या साऱ्यांना मोडीत काढायचे आणि फक्त मुदत ठेवी पाहत बसायचे? मुळीच नाही. आमच्या तमाशात सोंगाड्या असतो. तो पाटलाची टर उडवतो, सावकाराची उडवतो, राजाला भर दरबारात गाढव ठरवतो, आणि वेळ आली की स्वतःचीही फजिती करून घेतो. पण ढोलकीवाल्याची बोटे चुकावीत म्हणून तो त्याच्या कानात ओरडत नाही. खेळ त्याच्यावर चालतो, हे सोंगाड्याला ठाऊक असते.

टेनिसमध्येही असे सोंगाडे आहेत. इराणचा मन्सूर बहरामी लहानपणी रॅकेट नाही म्हणून तव्याने खेळायला शिकला. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे टेनिसच बंद पडले, ऐन उमेदीची वर्षे गेली. तो फ्रान्सला पोचला, १९८९ मध्ये फ्रेंच ओपनच्या दुहेरीच्या अंतिम सामन्यात खेळला आणि पुढे प्रदर्शनी सामन्यांतून जगाला हसवत राहिला. एका हातात सहा चेंडू धरून सर्व्हिस करणे, उडालेला चेंडू विजारीच्या खिशात झेलणे या त्याच्या करामती. त्याच्याइतका तक्रारीचा हक्क कोणाला होता? पण त्याच्या विनोदाने कोणाला जखम झाल्याचे मला आठवत नाही. मॉन्फिसने २०२५ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी ऑकलंडची स्पर्धा जिंकली. हवेत झेपावून फटके मारण्याच्या हौसेची किंमत त्याने स्वतःच्या गुडघ्यांनी मोजली.

आणि इव्हानिसेविच. १९९५ मध्ये दिल्लीच्या हिरवळीवर डेव्हिस चषकात आपल्या लिअँडर पेसने दोन सेट मागे पडूनही त्याला हरवले होते. २००० मध्ये ब्रायटनला त्याने संतापाच्या भरात आपल्या तिन्ही रॅकेटी मोडल्या आणि खेळायला रॅकेटच उरली नाही म्हणून सामना सोडला. नुकसान त्याचेच. पुढच्याच वर्षी, जागतिक क्रमवारीत १२५वा असताना, आयोजकांच्या मेहेरबानीने प्रवेश मिळवून त्याने विम्बल्डन जिंकले. यापूर्वी तीनदा तो अंतिम सामन्यात हरला होता. पावसामुळे तो अंतिम सामना सोमवारी झाला. आदल्या दिवसापासून रांगेत उभ्या राहिलेल्या सामान्य माणसांनी सेंटर कोर्ट भरले होते. पाचवा सेट ९-७. त्या दिवशी त्या गर्दीला काय मिळाले हे मुदत ठेवीवाल्यांना कधी कळणार नाही.

तेव्हा माझा हिशेब साधा आहे. खेळाडूची लहर चेंडूवर चालली, नशिबावर चालली, स्वतःवर चालली, तर टाळी वाजवावी आणि भरपूर वाजवावी. ती उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसावर चालली तर निदान हसू नये. कारण त्या वेळी खेळाडू एकटा नसतो. त्याला गर्दीचे पाठबळ असते, आणि गर्दी म्हणजे आपण.

यंत्राने हा प्रश्न सोडवला असे कोणी म्हणेल. तसे दिसत नाही. २०२५ च्या त्याच विम्बल्डनमध्ये पाव्ल्युचेन्कोवाच्या सामन्यात चुकून यंत्रणा बंद राहिली, बाहेर पडलेला चेंडू कोणी पुकारला नाही आणि पंचाने तो गुण पुन्हा खेळायला लावला. तिचा तो गेम गेला आणि तिने जाब विचारला तो खुर्चीतल्या माणसालाच. रेषेवरची माणसे गेली तरी खुर्ची अजून आहे.

आमच्या काउंटरवरही आता यंत्रे आली आहेत. परवा पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेलो होतो. काउंटरवर एकच तरुण मुलगी, आणि सर्व्हर बंद. रांगेतला एक गृहस्थ तिला फैलावर घेत होता. भाषा झकास होती, दोघे-तिघे हसलेही. ती मान खाली घालून पडद्याकडे पाहत होती. मी म्हणालो, 'अहो, मशीन बंद आहे, त्यात त्यांचा काय दोष?' गृहस्थ माझ्यावर उखडले. उखडू देत. तीस वर्षांपूर्वी काचेआडून बाहेर यायला मला उशीर झाला होता, या वेळी निदान रांगेत तरी उभा होतो.